बारा पडद्यांचे नाखवा

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात चार टाइपरायटर होते आणि त्यांना वर्षातून दोनदा तेलपाणी करायला ठाण्याहून एक गृहस्थ येत. खाकी शर्ट, बारा महिने कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात पत्र्याची पेटी. ऑफिसातले लोक त्यांना मेकॅनिक म्हणत आणि प्राचार्य ‘ते तेलवाले’ म्हणत. त्यांचं नाव वासुदेव नाखवा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी गणिताची प्राध्यापिका, त्यात विद्यापीठात पहिली आलेली. तेलवाल्यांकडे नीट पाहावं एवढी अक्कल तेव्हा मला आलेली नव्हती.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. कल्याणातल्या आमच्या कॉलेजला कॉम्प्युटरचा विषय सुरू करायची परवानगी मिळाली. कॉम्प्युटर मात्र नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रंगांचा कारखाना आपली जुनी यंत्रणा काढून नवी घेत होता, ती जुनी आमच्या एका विश्वस्तांनी कॉलेजच्या पदरात पाडून घेतली. कपाटाएवढं एक मुख्य यंत्र, त्यावर युनिक्स नावाची प्रणाली, आणि लांब लांब वायरींनी त्याला जोडलेले बारा टर्मिनल. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. डोकं सगळं कपाटात. बारा मुलांनी एकाच वेळी त्या एका डोक्याशी बोलायचं, अशी ती व्यवस्था. बारापैकी आठ टर्मिनल एका नावाजलेल्या कंपनीचे होते. उरलेले चार कुठल्याशा छोट्या कारखान्यात बनवलेले, त्यांच्या माहितीच्या कागदाचा कपटाही कुणाकडे नव्हता.

विषय शिकवायला मला दिला. गणित येणाऱ्याला कॉम्प्युटर येतोच, असा प्राचार्यांचा समज होता. मीही तो खोडून काढला नाही. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच.

पहिल्या पंधरा दिवसांत माझी हौस फिटली. टर्मिनल वेडे होत. दुसरा शब्द नाही. एखाद्या मुलाने चुकीच्या जागी चुकीचं बटण दाबलं की पडद्यावर काहीच्या काही सुरू व्हायचं. कधी टाइप केलेलं दिसायचंच नाही. कधी अक्षरांऐवजी चौकटी आणि रेघा यायच्या. आणि कधी प्रत्येक ओळ आदल्या ओळीच्या शेवटाखाली सुरू व्हायची, तिच्या शेवटाखाली पुढची, अशा पायऱ्या उतरत उतरत मजकूर उजव्या कडेला जाऊन आपटायचा. एंटर दाबावं तर यंत्र ढिम्म. आमच्यापाशी एकच इलाज होता, बंद करा आणि चालू करा. घरातला टीव्ही, मिक्सर, पंखा सगळं याच औषधाने बरं होतं, मग हे का नाही? पण हे जुने टर्मिनल तापलेले असताना बंद केले की गार होईपर्यंत उठत नसत. तासाच्या शेवटी बारातले सात-आठ काळे ठिक्कर पडलेले असायचे आणि मुलं माझ्याकडे बघत बसायची.

असाच एक पायऱ्यावाला पडदा समोर घेऊन मी बसले होते. मांडीवर विटेएवढं इंग्रजी पुस्तक. दारात कोणीतरी पंच्याला हात पुसत उभं होतं.

“बाय, गाडी परत येत नाय ती.”

मी वर पाहिलं. तेलवाले.

“कसली गाडी?” मी जरा तुसडेपणानेच विचारलं.

ते आत आले आणि हवेतच टाइपरायटरचा दांडा ढकलल्यासारखा हात डावीकडून उजवीकडे नेला. “ओळ संपली का आपण दांडा ढकलतो ना? तवा दोन कामं होतात. एक, कागद वर सरकतो. दुसरं, गाडी मागं जाते, नव्या ओळीच्या तोंडाशी. तुमच्या यात कागद सरकतोय. गाडी हाय तितंच थांबलीय. मग पायऱ्याच पडणार.”

त्यांनी पडदा पाहून अर्धा मिनिटही झालं नव्हतं. मी पुस्तक उघडलं. त्यात ते दोन्ही शब्द होते, गाडी परत आणण्याची खूण आणि ओळ सरकवण्याची खूण. मी ते पन्नास वेळा वाचले होते आणि मला ते नुसते शब्द वाटले होते. ज्याने ते यंत्र बनवलं त्याच्या डोक्यात टाइपरायटर होता, हे मला सुवर्णपदकासकट कळलं नव्हतं.

“मग एंटर दाबलं तरी का ऐकत नाही?” आता माझा आवाज खाली आला होता.

त्यांनी कीबोर्डवर न टेकता बोट धरलं. “ह्ये बटन गाडीचा निरोप धाडत असंल. त्या कपाटाला कागदाचा निरोप पायजे असंल. दुसरं कुठलं बटन हाय का, नुसता कागद सरकवनारं?”

होतं. कंट्रोल धरून जे. पुस्तकात पाऊणशेव्या पानावर तळाशी बारीक अक्षरात दिलं होतं. मी कंट्रोल-जे दाबलं, मग काही दिसत नसताना ‘एसटीटीवाय सेन’ हा हुकूम टाइप केला, पुन्हा कंट्रोल-जे. त्या हुकुमाचा अर्थ एवढाच, की ही तार होती तशी ताळ्यावर आण. पुढची ओळ पडद्याच्या डाव्या कडेला गुमान येऊन उभी राहिली. मी शाळकरी पोरीसारखी ओरडले.

“जमलं ना? मग जातो मी. ऑफिसातल्या मशीनचा रोलर काढून ठेवलाय,” असं म्हणून ते गेलेही.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. नाखवा रोजंदारीवर येऊ लागले, आधी आठवड्यातून दोन दिवस, मग सहाही. ठाण्याला कोळीवाड्यात घर. खोपटच्या डेपोत एसटी पकडायची आणि पेटी मांडीवर घेऊन कल्याणला उतरायचं. टाइपरायटरची कामं कमी होत चालली होती. त्याबद्दल त्यांनी एकदाही गळा काढला नाही. “मशीनी येतात, मशीनी जातात. बोटं शाबूत हायत ना?” म्हणायचे.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जायचं, असा त्या काळी सगळीकडेच नियम होता. देवळासारखा. नाखवांनी पहिल्या दिवशी चपला काढल्या आणि दारावरच्या गणपत शिपायाला म्हणाले, “काढतो बाबा. पन चपला काढून मशीन शहानी होत असती तं आमच्या घरातली सगळी मानसं शहानी नसती का झाली?”

आजारी टर्मिनलसमोर बसले की ते आधी हात मांडीवर ठेवून मिनिटभर नुसते बघत. मला याचा राग यायचा. तास चालू आहे, मुलं खोळंबलीत आणि हे दर्शन घेतायत. एकदा मी तसं बोललेही. ते शांतपणे म्हणाले, “काय बंद पडलंय ते कोनालापन दिसतं. काय चालू हाय ते आधी बगायचं.” आणि खरोखरच त्यांची सगळी वैद्यकी त्यावर उभी होती. बटण दाबल्यावर घंटा वाजते का? पडद्यावरचा लुकलुकणारा चौकोन पुढे सरकतो का? सरकतो म्हणजे कपाटाला ऐकू जातंय. मग बिघाड पडद्यात. सरकतच नाही, तर बिघाड तारेत. “बोलनारा बिघडलाय का ऐकनारा, एवढं ठरवा,” ते म्हणत, “निम्मं काम तितंच झालं.” पुढे या विषयावरची जाडजूड पुस्तकं मी वाचली, शिकवली, पण यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

त्या बिनकागदाच्या चार टर्मिनलांनी मात्र आमचा पिच्छा पुरवला. प्रत्येक टर्मिनलची स्वतःची गुप्त भाषा असते. पडदा पूस, अक्षर जाड कर, मूळ स्थितीवर ये, हे सांगणाऱ्या खुणा प्रत्येक बनावटीच्या वेगळ्या. कपाटाला त्या माहीत नसतील तर ते भलतंच बोलतं आणि पडद्यावर कंसांचा सडा पडतो. कारखान्याला पत्र टाकलं, तो कारखानाच उठला होता. मी चारही टर्मिनल भंगारात काढायची शिफारस लिहून ठेवली. नाखवांनी तो कागद वाचला, घडी केला आणि माझ्या हातात परत दिला.

“खुना किती असतील, बाय?”

“असतील दोनतीनशे. कोणती कशाची, कसं कळणार?”

“एकेक धाडून बगू. ते काय सांगनार नाय, पन करून तं दाखवंल.”

तीन महिने ते हेच करत होते. मी त्यांना खुणा कशा पाठवायच्या ते दाखवलं. ते एक पाठवायचे, पडद्याकडे बघायचे आणि लांबट वहीत बाळबोध अक्षरात लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. ‘ह्याने पडदा पुसला.’ ‘ह्याने अक्षर जाड.’ ‘ह्याने घंटा.’ ‘ह्याने काय नाय.’ ‘ह्याने काय नाय.’ ‘ह्याने काय नाय.’ पानंच्या पानं ‘काय नाय’. मी असते तर दुसऱ्या दिवशी वही भिरकावली असती. ते प्रत्येक ‘काय नाय’ तितक्याच सावकाश, रेघ ओढून लिहायचे. शेवटी एका दुपारी त्यांना हवी होती ती खूण सापडली, कितीही वेडा झालेला पडदा एका झटक्यात मूळपदावर आणणारी. त्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘हीच.’ खाली तारीखही घातली नाही. वहीवरून मी त्या बनावटीचं वर्णन तयार करून कपाटाला शिकवलं. मग ‘टीपुट रीसेट’ असा हुकूम दिला की ते चारही टर्मिनल इतर आठांसारखे सरळ होऊ लागले. विश्वस्तांच्या सभेत या कामाबद्दल माझं अभिनंदन झालं. मी ते घेतलं. आज ते आठवलं की लाज वाटते, आणि वाटावीच.

नाखवा कधी चिडलेले मी एकदाच पाहिले. इलेक्ट्रॉनिक्सचे आमचे एक सर होते, देशमुख. एक दिवस मी रजेवर, नाखवांची एसटी उशिरा. एका पडद्यावर पायऱ्या आल्या, तो बंद करूनही पुन्हा येईना, तेव्हा देशमुख सरांनी आपल्या शिक्षणाला साजेसा उपाय केला. त्यांनी मुख्य कपाटच बंद केलं. बारा टर्मिनलवर बारा मुलं काम करत होती. कपाट पुन्हा चालू झालं तेव्हा निम्म्या मुलांची सहा महिन्यांची कामं नाहीशी झालेली होती. नाखवा आले, ऐकलं. पेटीतून सुतळी काढली आणि कपाटाच्या मुख्य बटणावर तिची जाळी विणून अशी गाठ मारली, की ती सोडवायला जाणत्यालाही दहा मिनिटं लागावीत.

“हे काय?” देशमुख सर म्हणाले. “उद्या खरंच बंद करायची वेळ आली तर?”

“तर सोडवा ना सर. दहा मिन्टं लागतील. तवर राग उतरतो, नायतर मी येतो.”

देशमुख सर त्यानंतर त्या खोलीत आले नाहीत. मुलांनी मात्र ती गाठ शिकून घ्यायचा हट्ट धरला. नाखवांनी ती कुणालाही शिकवली नाही.

आणि मग विद्यापीठाचं पत्र आलं. आमची पहिलीच तुकडी, बावीस मुलं. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याच खोलीत घेता येईल, पण बाराही टर्मिनल तीनतीन तासांच्या दोन्ही पाळ्यांत चालू राहिले तरच. एकही बंद पडला तर परीक्षा रद्द, आणि मुलांनी मुंबईच्या केंद्रावर जाऊन ती द्यायची. तिथली यंत्रं निराळी, प्रणाली निराळी. आमच्या मुलांनी ती डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. म्हणजे सरळ बावीसच्या बावीस नापास, वर्ष फुकट आणि विषयाला टाळं. पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती. परीक्षेच्या वेळी खोलीत बाहेरचे परीक्षक आणि विषयाचे नेमलेले अध्यापक यांखेरीज कोणीही असता कामा नये.

मी ते पत्र नाखवांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना अडखळले.

प्राचार्यांनी तोडगा काढला. “एक दिवसापुरते यांना प्रयोगशाळा सहायक म्हणून दाखवू. कोण विचारतंय?”

“नको,” नाखवा म्हणाले. “आनि इचारलं तं? खोटं नाव लावून मी आत बसलो म्हनून पोरांचा पेपर जाईल. माझ्यापायी नाय जायचा.”

“मग नाखवा, आत काही बिघडलं तर? मी आत असेन, पण मला बोटही लावता येणार नाही,” मी म्हटलं.

“पोरं लावतील.”

“मुलं? अहो, ती पडदा हलला तरी रडकुंडीला येतात.”

“चार महिने हायत ना, बाय.” विषय संपला.

त्या चार महिन्यांत नाखवांनी एकही टर्मिनल स्वतः दुरुस्त केला नाही. उलट बिघडवू लागले. दर शनिवारी मुलांना बाहेर काढायचं, दार लावून बाराही पडदे निरनिराळ्या तऱ्हेने वेडे करायचे आणि मुलांना आत सोडायचं. “आना ताळ्यावर. बटन बंद करनाऱ्यानं घरी जावा.” पडद्यावर काही दिसत नसताना टाइप करायची सवय व्हावी म्हणून कीबोर्डावर पंचा टाकायचे आणि पंच्याखाली हात घालायला लावायचे. इंग्रजी हुकूम मुलांच्या लक्षात राहीनात, तेव्हा त्यांनी ते ठोक्यांत बसवले. ‘एसटीटीवाय सेन’ म्हणजे चार ठोके, मधे जागा सोडणारी लांब दांडी, पुन्हा चार ठोके. हा तारेचा इलाज. ‘टीपुट रीसेट’ म्हणजे चार, दांडी, पाच. हा पडद्याचा. आधी आणि शेवटी कंट्रोल-जे. खोलीत शनिवारभर ठेका चालायचा आणि नाखवा पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. हयातभर यंत्रांचा आवाज ऐकलेला माणूस. न वळता म्हणायचे, “सात नंबर, दांडी राह्यली तुझी.” सात नंबरवरचा पोरगा दचकायचा.

विठ्ठलवाडीची वैशाली नावाची मुलगी होती. प्रोग्रॅम लिहिण्यात सगळ्यांत हुशार आणि पडदा बिघडला की सगळ्यांत भित्री. तिचा हात आपोआप मागच्या बटणाकडे जायचा. तिसऱ्या शनिवारी नाखवांनी तिला खरंच घरी पाठवलं. पुढच्या शनिवारी ती आली, पंच्याखाली हात घातले आणि रडायलाच लागली.

“काका, दिसतच नाही तर मी काय करू? बरोबर जातंय की चुकीचं, कसं कळणार मला?”

मला वाटलं आता हे विरघळतील. छे. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.

“ठान्याला टायपिंग क्लासमदे मी शेकड्यानं पोरी बगितल्या. चांगली पोरगी हाताकडं बगत नाय आनि लिवलेल्याकडंपन बगत नाय. तुझी बोटं बरोबर चाललीत का नाय ते पडद्याला इचारतेस कशाला? जल्लं, तो येडा झालाय. तू नाय झालीस.”

ती नाक पुसत हसली. मग टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. कॉलेजची शेवटची घंटा झाली, मुलं गेली, मी खोलीला कुलूप घालायला थांबले होते. अकराव्या वेळी पडदा सरळ झाला. नाखवांनी शाबासकी दिली नाही. पडदा पुन्हा बिघडवला आणि म्हणाले, “परत.”

परीक्षेच्या दिवशी ते सातलाच हजर होते. बाराही टर्मिनल चालू केले, प्रत्येकासमोर मिनिटभर बसले, वायरी चाचपल्या, पडदे पुसले. दहाला मुंबईचे परीक्षक आले. नाखवा खोलीबाहेर गेले आणि व्हरांड्यात गणपतच्या स्टुलावर बसले. दाराला काचेचा तुकडा होता, त्यातून मला त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. पहिली पाळी निर्विघ्न गेली. दोनदा कुठे पायऱ्या पडल्या, त्या मुलांनी परीक्षकांना कळायच्या आत निस्तरल्या.

दुसऱ्या पाळीत वैशाली अकरा नंबरवर होती. त्या चार बिनकागदाच्या अनाथांपैकी एक. दीडएक तास झाला असेल. तिचा प्रोग्रॅम तयार होता, तो तिला पडद्यावर बघायचा होता, आणि घाईत तिने स्वतः लिहिलेल्या मजकुराऐवजी यंत्रासाठी तयार झालेली, माणसाला न वाचता येणारी फाइल पडद्यावर ओतली. घंटा घणघणली. पडदाभर चौकटी, रेघा, नक्षी. सगळी खोली वळून पाहू लागली.

परीक्षक उठून तिच्यामागे आले. सज्जन गृहस्थ होते. “अगं, घाबरू नकोस. बंद करून चालू कर.”

टर्मिनल सकाळपासून तापलेला होता. बंद झाला असता तर संध्याकाळपर्यंत उठला नसता आणि विद्यापीठाच्या पत्राप्रमाणे तिथेच सगळं संपलं असतं. मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. मी टेबलाची कड धरून उभी होते.

“नको सर. एक मिनिट,” वैशाली म्हणाली. तिने टाइप केलं. चार, दांडी, चार. नक्षी हलली, वर सरकली, पण नक्षीच राहिली.

“वेळ जातोय तुझा,” असं म्हणत परीक्षकांनी हात लांब करून मागचं बटण चाचपायला सुरुवात केली.

वैशालीने हात उचलून मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहिलं. नुसती बघत राहिली. मग तिने हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले आणि सावकाश, एकेक ठोका सुटा वाजवत टाइप केलं. चार. दांडी. पाच. कंट्रोल-जे.

पडदा काळा झाला. आणि मग डाव्या कोपऱ्यात, वर, पुढचा हुकूम मागणारी एक छोटी डॉलरची खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारा चौकोन.

“हे काय केलंस तू?” परीक्षकांनी हात मागे घेतला.

“तार चांगली होती सर. पडदा बिघडलेला,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

बावीसच्या बावीस पास झाले. खोली राहिली, विषय राहिला. पण ते नंतरचं. त्या क्षणी मी दाराच्या काचेकडे पाहिलं. काच रिकामी होती.

गणपतने संध्याकाळी सांगितलं ते असं. आत घंटा वाजली तेव्हा नाखवा उठून दाराला कान लावून उभे राहिले. पोरगी टाइप करत होती तोवर हलले नाहीत. तिचे शेवटचे ठोके झाले तसे मागे झाले, स्टूल भिंतीला लावलं, चपला घातल्या. “बाईंना सांग, जातो म्हनून,” एवढंच म्हणाले. गणपतला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मला मात्र पत्ता नव्हता. खोपटला माल वाहतुकीच्या एका ऑफिसात असेच टर्मिनल होते आणि तिथे त्यांना कायमच्या नोकरीवर बोलावलं होतं. घरापासून चालत दहा मिनिटं. दोन महिन्यांपूर्वीच बोलावलं होतं. त्यांनी परीक्षेनंतरचा वायदा केला, आणि त्या लोकांना तो मान्य नसेल तर राहू द्या म्हणून कळवलं. सुदैवाने ते थांबले.

मी काय पाहिलं ते सांगते. काच रिकामी दिसली म्हणून मी खिडकीशी गेले. खाली मैदान होतं, उन्हाने पांढरं पडलेलं. त्यातून नाखवा पेटी घेऊन फाटकाकडे चालले होते. हाक मारावी असं फार वाटलं, पण परीक्षा चालू होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाठीमागून परीक्षकांनी विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाही का?” मी मान हलवली. खाली ते मैदानाच्या मध्यावर थांबले. मला वाटलं आता वळून बघतील. त्यांनी पेटी खाली ठेवली, उजव्या हाताची बोटं दोनदा उघडमीट केली, पेटी डाव्या हाताने उचलली आणि फाटकातून बाहेर पडले.